विश्लेषण : गर्भाशयात गाठ आहे म्हणून ‘पिशवी’ काढायलाच हवी का?

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फायब्रॉइड’ हा शब्द दिसला की पुढचा सल्ला अनेकदा ठरलेला असतो : पिशवी काढून टाका. ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांमुळे २०१९ मध्ये बीड जिल्हा देशभर गाजला. तेथील सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे वेगवेगळी होती, पण कर्करोगाची भीती घातली गेल्याचे अनेकींनी सांगितले. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेल्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना बजावले.

फायब्रॉइड म्हणजे कर्करोग?

नाही. गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणारी ही साधी गाठ असते. पन्नाशीपर्यंत बहुसंख्य महिलांमध्ये ती आढळते. कित्येकींना पत्ताही नसतो. तिच्या जागी कर्करोग निघणे अत्यंत दुर्मीळ. मात्र पाळी गेल्यानंतर गाठ वाढू लागली किंवा रक्तस्राव झाला, तर तपासणी टाळू नये.

त्रास कशामुळे?

आकारापेक्षा जागा महत्त्वाची. अस्तराजवळची बोराएवढी गाठही पाळीत अतोनात रक्तस्राव घडवते, तर बाहेरच्या बाजूची मोठी गाठ गप्प राहू शकते किंवा मूत्राशयावर दाब आणते. तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, रक्ताच्या गुठळ्या पडणे हे ‘बाईच्या जातीला असतेच’ म्हणून सोडून दिले जाते. हिमोग्लोबिन ७-८ पर्यंत उतरते आणि घरचे म्हणतात, कामाचा थकवा आहे. खरे नुकसान इथे होते.

गर्भाशय न काढता उपचार आहेत?

आहेत. त्रासच नसेल तर ठरावीक काळाने सोनोग्राफी पुरते. रक्तस्रावावर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोन सोडणारी तांबी देतात; पण गाठीमुळे पोकळीचा आकार बिघडला असेल तर ही तांबी टिकत नाही. गाठ आक्रसवणारी इंजेक्शनेही आहेत. ती थांबवली की गाठ पुन्हा वाढते. मूल हवे असेल तर केवळ गाठ काढण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे मायोमेक्टॉमी, करता येते. नव्या गाठी होण्याची शक्यता तिच्यानंतरही उरते. गाठीचा रक्तपुरवठा बंद करणारे ‘एम्बोलायझेशन’ टाके न घालता होते. पुढे गर्भधारणा हवी असणाऱ्यांना मात्र ते सहसा सुचवत नाहीत.

वयाचा हिशेबही इथे लागतो. पाळी गेल्यावर गाठी बहुधा आकसतात. त्यामुळे ४८ व्या वर्षी औषधांवर काढलेली दोन वर्षे पुरेशी ठरू शकतात. ३२ व्या वर्षी तो हिशेब जुळत नाही.

मग गर्भाशय कधी काढावे?

मुले झाली आहेत, इतर उपचारांनी गुण नाही, रक्तक्षय हटत नाही, तेव्हा हा योग्य आणि कायमचा उपाय आहे. तो निवडणारी बाई चुकत नाही. प्रश्न घाईचा आहे. विशेषतः सोबत अंडाशयेही काढली तर तरुण वयातच रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात. संमतीपत्रावर सही करण्याआधी अंडाशये ठेवणार का, हे विचारायलाच हवे.

पर्याय कुठे मिळतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार अशा शस्त्रक्रियांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक खासगी रुग्णालयांत होतात. एम्बोलायझेशनला लागणारे तज्ज्ञ आणि यंत्रणा मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. तालुक्याच्या ठिकाणी अनेकदा हातातला पर्याय एकच असतो, आणि तोच ‘एकमेव’ म्हणून सांगितला जातो.