मुरुड-जंजिऱ्याला जाताना

दिवाळीची सुट्टी लागली की शिक्षकांच्या घरात एकच वाद सुरू होतो, यंदा कुठे जायचे. या वेळी चौथीतल्या लेकीने निकाल लावला. तिच्या पुस्तकात शिवाजी महाराजांचा इतिहास आहे, तिला समुद्रातला किल्ला पाहायचा होता. सातवीतला भाऊ तयारच होता. दादींच्या गुडघ्यांचा प्रश्न होता, पण त्या म्हणाल्या, "मी किनाऱ्यावर बसेन, तुम्ही जा." असे आम्ही पाच जण मुरुडला निघालो.

रस्त्याचे आधी सांगतो, कारण पत्रातून बहुतेक वाचक तेच विचारतात. आम्ही पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगावला आलो आणि इंदापूर, तळामार्गे आगरदांड्याकडे वळलो. मुंबईकरांनी गेटवेहून मांडव्याची लाँच धरावी, तिथून अलिबाग, मग एसटीने रेवदंडा, काशीद करत मुरुड. अलिबागपासून साधारण पन्नास किलोमीटर पडते आणि काशीदच्या पुढे समुद्र बराच वेळ उजवीकडे सोबत करतो. लाँचा पावसाळ्यात बंद असतात आणि किल्ल्याच्या होड्याही. रेल्वेने यायचे तर रोहा स्टेशन जवळचे. श्रीवर्धन-दिवेआगरकडून येणाऱ्यांना दिघीहून आगरदांड्याला फेरीबोट आहे, तीत गाडीही चढते. मुलांना किल्ल्याइतकीच ती फेरी आवडते.

किल्ल्याच्या होड्या मात्र मुरुड गावातून नव्हे, चार-पाच किलोमीटरवरच्या राजपुरीच्या बंदरावरून सुटतात. गावातून रिक्षा मिळते. आमची चूक अशी की आम्ही शुक्रवारी बरोबर बाराच्या सुमारास पोहोचलो. जुम्याच्या वेळी होड्या थांबतात. रांगेतले काही पर्यटक कुरकुरत होते. आम्हाला मात्र बरे वाटले. मुलगा आणि त्याचे अब्बा गावातल्या मशिदीत गेले, आम्ही बाकीच्यांनी एका ओसरीवर जागा मागून जोहर पढली. ज्या घराची ओसरी होती त्या बाईंनी दादींना उठूच दिले नाही. "खाला, तुम्ही इथंच बसा, होडीतून उतरताना फार हलतं." हे खरेच होते. शिडाची होडी किल्ल्याच्या पायऱ्यांना लागते तेव्हा लाटेबरोबर वरखाली होते आणि नाखवा हात धरून माणसे उतरवतो. पायाने अधू असलेल्यांना, तान्ही मुले कडेवर असलेल्यांना आम्ही सांगू की किनाऱ्यावरूनच पाहा. बुरख्याचा घोळ आणि साडीचा काष्टा नीट आवरून घ्या, चपला पट्ट्याच्या घाला, पाण्याची बाटली सोबत ठेवा.

होडीत सगळ्या तऱ्हेची माणसे होती. माहिती सांगणारा पोऱ्या जोरात सांगत होता की हा किल्ला कुणालाच जिंकता आला नाही, शिवाजी महाराजांना नाही, संभाजी महाराजांना नाही, इंग्रजांना नाही. संभाजी महाराजांनी तर समुद्रात भराव टाकायला घेतला होता. कुणीतरी महाराजांचा जयजयकार केला, सगळ्यांनी साथ दिली, आमच्या लेकीनेही. मग तिने आजूबाजूला पाहिले आणि आमच्या कानाशी येऊन विचारले, "अम्मी, आपण कुणाकडचे? किल्ल्यातले की बाहेरचे?"

भाऊ म्हणाला, "गप्प बस."

वर्गात असा प्रश्न आला असता तर आम्ही फळ्याकडे वळून काहीतरी लिहायला घेतले असते. होडीत फळा नव्हता. "वर गेल्यावर सांगते" म्हणून वेळ मारून नेली.

किल्ल्यावर वेळ फार मिळत नाही. होडीवाले पाऊण तासात परत बोलावतात, म्हणून काय पाहायचे ते आधी ठरवून जावे. महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तटाच्या आडोशाला लपलेला आहे. त्यावर पंजांत हत्ती पकडलेल्या वाघाचे शिल्प आहे. आत पडका वाडा, मशीद, चहूबाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याची तळी, आणि बुरुजावरची कलालबांगडी तोफ. आम्ही तोफेपाशी फोटोसाठी थांबलो नाही, सरळ तटावर गेलो, कारण तिथून समुद्रात आणखी एक किल्ला दिसतो, पद्मदुर्ग.

तो दाखवून लेकीला सांगितले ते असे. या बेटावर आधी कोळ्यांनी लाकडी मेढेकोट उभारला होता, राम पाटील त्यांचा म्होरक्या. तो निजामशाहीच्या सरदाराने घेतला, पुढे सिद्दी आले. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेले हबशी. जंजिरा हा शब्दसुद्धा अरबी जझिरावरून आला, म्हणजे बेट. सिद्दींना शह द्यायला महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला. आणि त्या पद्मदुर्गाच्या बाजूने समुद्रावर लढणारा महाराजांचा सरदार कोण? दौलतखान. त्याला पैसा आणि धान्य वेळेवर पोहोचले नाही म्हणून प्रभावळीच्या सुभेदाराला, जिवाजी विनायकाला, महाराजांनी 1675 साली खरमरीत पत्र लिहिले. ते पत्र आजही उपलब्ध आहे.

"म्हणजे दौलतखान बाहेरचा," ती म्हणाली. "आणि तो आपल्यासारखा नमाज पढायचा?"

पढत असेल, आम्ही म्हटले. भाऊ इतका वेळ समुद्राकडे तोंड करून उभा होता. तो वळला आणि म्हणाला, "हे आमच्या वर्गात कुणाला माहीत नाही." सर विचारतील तेव्हा सांग, म्हटले तर म्हणाला, विचारले नाही तरी सांगणार.

परतल्यावर दादींकडे आमच्यापेक्षा जास्त माहिती होती. ओसरीवरच्या बाईंच्या सासूचे लहानपण किल्ल्यातच गेले होते, तेव्हा आत घरे होती, म्हणे. दादींना तळ्याच्या पाण्याची चवसुद्धा सांगून झाली होती. शिवाय तांदळाची भाकरी आणि सुरमईचे जेवण झाले होते, ते वेगळेच. मुरुडमध्ये घरगुती खानावळी आहेत, पण सकाळीच निरोप द्यावा लागतो, ऐनवेळी गेल्यास उपाशी राहाल.

बहुतेक लोक किल्ला पाहून परत फिरतात. आमची विनंती आहे की राजपुरीजवळच्या खोकरीला जरूर जा. रस्त्यालगत तीन मोठे दगडी मकबरे आहेत, कमानींचे, आणि तिथे दादीही चालत येऊ शकल्या. सर्वांत मोठा सिद्दी सुरूरखानाचा, इतर दोन सिद्दी कासीम आणि खैर्यतखान या भावांचे. कासीमला औरंगजेबाने याकूतखान ही पदवी दिली होती. 1689 साली मुंबईत उतरून इंग्रजांची पळता भुई थोडी करणारा तो हाच. दगडावरचा अरबी लेख मुलाने बोट न लावता वाचायचा प्रयत्न केला, अर्धाच जमला. आत कुणी नव्हते, एका कोपऱ्यात चिप्सची रिकामी पाकिटे होती. ती पिशवीत भरली, दुआ केली.

मुरुडच्या टेकडीवरचा नवाबांचा राजवाडा खासगी आहे, रस्त्यावरूनच पाहावा. 1948 साली संस्थान विलीन झाले.

गाडीत बसताना लेकीने विचारले, पद्मदुर्गाला होडी जाते का. समुद्र शांत असला आणि आधी ठरवले तर मुरुडहून जाते, असे रिक्षावाल्या मामांनी सांगितले. पुढच्या सुट्टीत तिकडे जायचे, असे तिने दादींकडून कबूल करून घेतले आहे. दादींनी अट घातली की जुम्याच्या दिवशीच जायचे, म्हणजे ओसरीवर बसता येईल.