‘सेटल्ड’ की ‘क्लोज्ड’?

गृहकर्जाचा अर्ज बँकेने नामंजूर केला, तेव्हा कारण ऐकून मी ओशाळलो. पहिल्या नोकरीत घेतलेलं क्रेडिट कार्ड; नोकरी सुटली आणि बिलं थकली. मग वसुलीवाल्यांचा फोन आला, “अर्धे भरा, विषय मिटवू.” मी भरले आणि सुटलो असं समजलो. सिबिल अहवालात मात्र त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा होता.

बाबांना सांगायला दोन दिवस लागले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “आजोबांचं इथे इंदूरला राजवाड्याजवळ दुकान होतं. उधारी पूर्ण फिटली तरच ते वहीतल्या नावावर काट मारायचे. अर्ध्यावर सोडलेल्याचं नाव तसंच राहायचं.”

मग मी उरलेली रक्कम बँकेला लेखी विचारली, ती एजंटच्या हाती न देता थेट बँकेत भरली आणि ना-देय प्रमाणपत्र घेतलं. अहवालात ‘क्लोज्ड’ दिसेपर्यंत पाठपुरावा केला. आता मुदत ठेवीवर मिळालेलं छोटं कार्ड वापरतो, बिल वेळेत पूर्ण भरतो. स्कोअर हळूहळू चढतोय.

मित्रांनो, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो वाचा. चूक असेल तर तक्रार करा; ३० दिवसांत तिचं निवारण व्हायला हवं. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर आले, तर बँकेला कळवा.

आणि घरी सांगा. माझे ते दोन दिवस उगाच गेले.