सीमा कोरली कुणी?

मुद्राचित्रकार झरीना हाश्मी यांचं ‘डिव्हायडिंग लाइन’ हे 2001 सालचं वूडकट एकदा निरखून बघाच. हातकागदावर एक काळी, वेडीवाकडी रेघ, बस्स. ही भारत-पाकिस्तानची सरहद्द. लाकडी ठशात कोरलेला भाग कोरा राहतो, उरलेल्यालाच शाई लागते. म्हणजे रेघ उमटावी म्हणून झरीनांना तिच्या दोन्ही अंगांचा मुलूख खरवडून काढावा लागला! जन्म 1937चा, अलीगढचा. तिथंच गणिताची पदवी. पुढे माहेर कराचीला गेलं आणि या बँकॉक, पॅरिस, टोकियो करत न्यूयॉर्कला पोचल्या. पॅरिसला त्या मुद्राचित्रकार हेटर यांच्या स्टुडिओत मुद्राचित्रण शिकल्या. ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ या 1999च्या मालिकेत 36 ठसे आहेत. दार, उंबरठा, अंगण असं एकेक चित्र मोजक्या रेघांत, आणि सोबत नस्तालिक वळणातला उर्दू शब्द. आपल्याकडे इस्लामी कला म्हटलं की घुमट आणि वेलबुट्टीपलीकडे गाडी जात नाही. झरीनांकडे तीच परंपरा भूमितीतून, सुलेखनातून, उत्तरायुष्यातल्या सोन्याच्या वर्खातून आणि जपमाळेच्या मण्यांतून येते, तीही नटवेपणा न करता. (गणित शिकल्याचा फायदा, दुसरं काय!) 2011 साली व्हेनिस बिएनालेत भारताचं पहिलं अधिकृत दालन उभं राहिलं, तेव्हा निवडलेल्या कलावंतांत त्या होत्या. 2020 साली लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. फाळणीवर आपल्याकडे ढिगानं लिहिलं गेलं. इतक्या कमी शाईत इतकं नेमकं फार थोड्यांना साधलं.