डिस्कव्हर : आवरण दूर सारणारे क्रियापद

'शोध लावणे' हा एकच वाक्प्रचार आपण मराठीत दोन निराळ्या गोष्टींसाठी योजतो. न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला आणि एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफचा शोध लावला. इंग्रजी मात्र येथे भेद करते. फोनोग्राफ पूर्वी नव्हताच. तो 'इन्व्हेंट' झाला. गुरुत्वाकर्षण पूर्वीही होते. ते केवळ 'डिस्कव्हर' झाले. हा भेद ध्यानी न आल्यामुळेच आपली मुले 'न्यूटन इन्व्हेंटेड ग्रॅव्हिटी' असे लिहून गुण गमावतात.

शब्दाची फोड केली की अर्थ आपोआप उलगडतो. 'कव्हर' म्हणजे आच्छादन आणि 'डिस' हा ते दूर करणारा उपसर्ग. हरवलेली किल्ली सापडली, तर साधे 'फाइंड' पुरेसे आहे. ठाऊक नसलेले काही उघडकीस आले, की 'डिस्कव्हर' शोभते. रोजमेळातील चूक आपण 'डिस्कव्हर' करतो. ती झाकण्यासाठी रचलेली खोटी नोंद मात्र 'इन्व्हेंट' केलेली असते.

या क्रियापदाचा वापर जपून करावा, हे आपला जिल्हाच शिकवतो. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने अजिंठ्याच्या दरीत आला आणि दहाव्या लेण्यात स्वतःचे नाव व तारीख कोरून गेला. त्याने अजिंठा 'डिस्कव्हर' केला, असे पुस्तके सांगतात. परंतु परिसरातील लोकांना ती लेणी ठाऊक होतीच. आवरण दूर झाले ते बाहेरच्या जगापुरते. वेरूळ तर रहदारीच्या मार्गावर असल्याने कधी विस्मरणात गेलेच नाही. तेथील ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेण्यांना हे क्रियापद लावणे अनुचित ठरेल. दुकानातील मुनीमजींना वर्षानुवर्षे माहीत असलेली गोष्ट नव्या शेठजींनी 'मी शोधून काढली' म्हणावी, तसे ते होईल.

आपल्याला ही कल्पना परकी नाही. आठ कर्मांतील पहिले कर्म ज्ञानावरणीय. ज्ञान हा आत्म्याचा स्वभावच आहे. ते बाहेरून आणावयाचे नसते, त्यावरील आवरण तेवढे दूर व्हावे लागते. घरातील मुलांना 'डिस्कव्हर' शिकविताना हा दाखला अवश्य द्यावा. आणि कोणी 'मी शोध लावला' म्हणाले, तर आधी प्रेमाने विचारावे, 'ते कोणापासून झाकलेले होते?'