रस्ता ज्यांनी केला, त्यांना आमंत्रण हवं

प्रति,
नॅशनल पार्क सर्व्हिस, वॉशिंग्टन



राष्ट्रीय उद्यानांतल्या मोफत प्रवेशाच्या दिवसांची तुमची २०२६ ची यादी वाचली. मार्टिन ल्यूथर किंग यांचा जानेवारीतला दिवस तिच्यातून गेला. गुलामगिरीच्या अंताची आठवण जागवणारा जूनटीन्थही गेला. नव्याने आला १४ जून, म्हणजे ध्वजदिन आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा वाढदिवस.

मी कॅलिफोर्नियात राहणारा मराठी माणूस. सिक्वोया उद्यान आमच्या नेहमीच्या जाण्यातलं. तिथल्या जायंट फॉरेस्टपर्यंतचा गाडीरस्ता १९०३ च्या उन्हाळ्यात पूर्ण झाला, तो कॅप्टन चार्ल्स यंग यांच्या हाताखालच्या कृष्णवर्णीय घोडदळाच्या मेहनतीने. केंटकीत गुलामीत जन्मलेले यंग तेव्हा उद्यानाचे प्रभारी अधीक्षक होते. एका महावृक्षाला त्यांचं नाव देण्याची टूम निघाली, तेव्हा ते म्हणाले, वीस वर्षांनीही असंच वाटलं तर द्या. प्रत्यक्षात नाव द्यायला २००४ साल उजाडलं.

मधल्या काळात, १९३९ मध्ये, शेनान्डोआ उद्यानात लुईस माउंटनची जागा कृष्णवर्णीयांसाठी वेगळी काढली गेली. असे नियम रद्द होतात, पण ‘ती जागा आपली नव्हे’ ही शिकवण घराघरांत पुढे चालू राहते. म्हणूनच रू मॅप यांनी २००९ मध्ये ऑकलंडमध्ये कृष्णवर्णीयांना निसर्गात सोबत नेणारं ‘आउटडोअर ॲफ्रो’ सुरू केलं. सोबत मिळाली की माणसं डोंगर चढतात.

कुणी म्हणेल, सिक्वोयाच्या फाटकावर गाडीला ३५ डॉलर पडतात, तेवढ्यासाठी कोण अडतं? आमच्यासारखे नोकरदार अडत नाहीत, हे खरं. आम्ही वर्षाचा पास काढतो आणि बिनधास्त निघतो. पण ज्यांच्या आजोबांना वेगळं बसवलं गेलं, त्यांना किंग यांच्या नावाने ‘या’ म्हणण्यातला मान तुमच्या हिशेबाच्या वहीत कुठे मांडणार?

म्हणून मागण्या तीन. काढलेले दोन्ही दिवस यादीत परत घ्या. यंग आणि त्यांच्या सैनिकांची हकिगत फाटकावर मिळणाऱ्या नकाशातच ठळक छापा. आणि चौथीच्या मुलांना तुम्ही मोफत पास देताच, तर फ्रेस्नोच्या शेतमजुरांच्या मुलांना डोंगरापर्यंत नेणाऱ्या बसचा खर्चही उचला. पास हातात असून गाडी नसेल, तर त्या मुलांनी सिक्वोया पाहायचा कसा?

आपला,
कॅलिफोर्नियातील एक मराठी रहिवासी