बोर्ड बदलायचा तर आतली तार आधी बघा

आपल्या खालापूर तालुक्यात खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी पाइपांमधून घाटाखाली आणायचं, त्यावर यंत्रं फिरवायची आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, अशी ती योजना होती. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र आलं. वीज आपल्या डोंगरांच्या पायथ्याशी तयार होत होती. आपल्या घरांत मात्र ती पुष्कळ उशिरा आली, आणि तीही हळूहळू. आधी दिवा, मग पंखा, मग टीव्ही, फ्रिज, मिक्सर. आता गीझर आणि एसीसुद्धा. घरात माणसं वाढली, उपकरणं वाढली. भिंतीतली तार मात्र अनेक घरांत पंख्याच्या काळातलीच आहे.

ईद जवळ आली किंवा घरात लग्न ठरलं की आपण रंग काढतो. त्याच वेळी पिवळी पडलेली बटणं डोळ्यांना खुपू लागतात. मग वायरमनला सांगितलं जातं, “भाई, आतलं राहू द्या, फक्त वरची प्लेट आणि बटणं बदला.” या महिन्यात मला बोलायचं आहे ते याच वाक्याबद्दल.

माझे मामू मुरुडकडचे. त्यांची शिडाची छोटी होडी आहे, मागे इंजिन बसवलेलं. पावसाळा तोंडावर आला की होडी किनाऱ्यावर ओढून घेतात आणि दिव्यांचं, वायरलेसचं बटणांचं पॅनल उघडतात. गेल्या उन्हाळी सुट्टीत मी ते काम जवळ बसून पाहिलं. होडीवर सगळं बॅटरीवर, बारा व्होल्टवर चालतं. मामूंनी आधी बॅटरीची तार सोडवली, मगच पॅनलला हात लावला. प्रत्येक तारेला आकड्याची चिठ्ठी बांधली आणि वहीत लिहिलं: एक नंबर शिडाच्या काठीवरचा दिवा, दोन नंबर पाणी उपसायचा पंप. खाऱ्या हवेने हिरवं पडलेलं तांबं तेवढं खरडून न ठेवता ती तार पूर्णच काढली आणि कल्हई केलेल्या तांब्याची नवी घातली. तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळला नाही. प्रत्येक टोकाला लग दाबून बसवला. फ्यूज पॅनलमध्ये तर होतेच, पण मुख्य फ्यूज अगदी बॅटरीजवळ लावला. मी कारण विचारलं. ते म्हणाले, “बॅटरी आणि पॅनल यांच्यामध्ये तार घासून शॉर्ट झाली, तर पॅनलमधला फ्यूज काय कामाचा? आणि समुद्रात मी वायरमन कुठून आणू?”

बारा व्होल्टचा झटका माणसाला सहसा जाणवतही नाही. पण बॅटरी शॉर्ट झाली तर तारेतून शेकडो अँपिअर वाहतात आणि आग लागते. घरातला धोका दुहेरी आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट असतात. इथे आग लागते, आणि माणूसही जातो. तरीही होडीसाठी जी काळजी घेतली जाते, ती आपण घरासाठी घेत नाही.

सहरीच्या घाईचं उदाहरण घ्या. एका बोर्डावर पिनांची जोडणी लावून किटली चालू आहे, शेजारी मिक्सर आणि कुणीतरी शाळेचा गणवेश इस्त्री करतंय. किटली १५०० वॅट, मिक्सर ७५०, इस्त्री १०००. एकूण ३२५०. याला २३० ने भागलं तर जवळपास १४ अँपिअर होतात. भिंतीतलं छोटं सॉकेट मात्र ६ अँपिअरचं. तार तापते, तिचं आवरण कडक होऊन तडकतं, स्क्रू सैल पडतात, सैल स्क्रू आणखी तापतो. जळक्या प्लास्टिकचा वास येतो तेव्हा आपण बटण बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू करतो. वरची प्लेट नवी असली की आतला हा काळेपणा दिसतही नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. “फ्रिजला हात लावायचा तर चप्पल घालून लाव,” ही सूचना किती घरांत ऐकू येते! आमच्या अम्मीही हेच सांगायच्या. गेल्या वर्षी आमच्या घराचं वायरिंग बदललं, तेव्हा वायरमनने बोर्ड उघडून दाखवला. हिरवी तार टेप लावून आतच दुमडून ठेवलेली होती. सॉकेटचं वरचं मोठं भोक नुसतं नावाला होतं. तीन पिनांपैकी ती जाड, लांब पिन अर्थिंगची असते. ती सर्वांत आधी आत जाते, म्हणजे वीज पोहोचण्याआधी संरक्षण पोहोचतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर यांच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाट हवी. ती नसेल तर वाट आपल्या हातातून जाते. चप्पल हा त्यावरचा इलाज नाही. शिवाय आपल्याकडची जमीन काळ्या खडकाची. मे महिन्यात ती कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा उपयोग कमी होतो. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं.

तिसरी गोष्ट, एमसीबी. “आमच्याकडे एमसीबी आहे” म्हणून पुष्कळजण निश्चिंत असतात. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट झालं की पडतो. तो तारेचं रक्षण करतो. माणसाला झटका बसताना जाणारी वीज इतकी थोडी असते की एमसीबीला तिचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो, घरासाठी ३० मिलिअँपिअरचा. गेलेली आणि परत आलेली वीज यांत तेवढा फरक पडला की तो क्षणात पुरवठा तोडतो.

म्हणून काम काढाल तेव्हा वायरमनशी हे बोला. काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. दिव्या-पंख्यांना दीड, पॉवर प्लगला अडीच आणि गीझर-एसीला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, गीझर आणि एसीची लाइन स्वतंत्र. लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची, आणि बटण नेहमी फेजवर. ते न्यूट्रलवर असेल तर दिवा बंद दिसतो, पण होल्डरमध्ये वीज असतेच. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच बंद केल्यावर तोही बंद करायला सांगा. मेन बंद असतानाही त्याच्या लाइनवर २३० व्होल्ट असतात. भिंत लिंपण्याआधी मोबाइलवर तारांचे फोटो काढा, म्हणजे पुढे खिळा ठोकताना अंदाज राहील. आणि मामूंसारखं, कोणता एमसीबी कशाचा ते कागदावर लिहून बोर्डाच्या झाकणाच्या आत चिकटवा.

पावसाचं वेगळं सांगायला नको. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात नेरळपासून जवळच वांगणीपाशी महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. नदीकाठच्या घरांनी सॉकेट जमिनीपासून चांगले उंच घ्यावेत. पाणी अंगणात शिरताना दिसलं की कोरडे असतानाच मेन बंद करावा. पाणी ओसरल्यावर बोर्ड उघडून, वाळवून, तपासून घेतल्याशिवाय चालू करू नये.

हे सगळं करायला पैसे लागतात, हे खरं. पण लग्नाच्या रोषणाईवर आणि छताच्या नक्षीवर आपण खर्च करतोच. त्यातला थोडा भाग भिंतीच्या आत जाऊ द्या. पाहुण्यांना तो दिसणार नाही. पण ओल्या हातांनी स्वयंपाकघरात वावरणाऱ्या आपल्या आयाबहिणींना रोज त्याचा आधार असेल. मशिदीतला वजूखाना आणि पाण्याची मोटर यांचं अर्थिंगही जमातीच्या जबाबदार मंडळींनी एकदा तपासून घ्यावं.

आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचं एक छोटं बटण असतं. ते दाबल्यावर घरातली वीज लगेच गेली पाहिजे. नाही गेली तर तो आरसीसीबी निकामी झालाय असं समजा आणि वायरमनला बोलवा. दर महिन्याला नवा चाँद दिसला की घरातल्या एखाद्या मोठ्या मुलाला किंवा मुलीला ते बटण दाबायला सांगा. तारीख लक्षात ठेवावी लागणार नाही.