पान्ह्याने चालू होणारे ट्रॅक्टर

रोहिणी नक्षत्र लागले की कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याला एकदम सगळीच कामे दिसू लागतात. राब भाजून झालेले असतात, बांधांची डागडुजी राहिलेली असते, आणि मांडवाच्या कडेला चार-सहा महिने उभा असलेला जुना ट्रॅक्टर आठवतो. किल्ली फिरवावी तर सेल्फ नुसता 'कट्' करून गप्प. मग काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. कोणीतरी मोठा पान्हा घेऊन मागच्या मोठ्या चाकापुढे उभा राहतो, वाकून सेल्फच्या दोन बोल्टांवर पान्हा टेकवतो, ठिणग्या उडतात आणि इंजिन धडधडू लागते. बघणारे म्हणतात, पोराला मशीनचं चांगलं कळतं.

शेतकरी बंधूंनो, त्या पान्ह्याबद्दलच आज लिहायचे आहे. चिखलणीच्या आधी जे काम शंभर-दोनशे रुपयांच्या वायरीत आणि एका दुपारीत होते, ते न केल्यामुळे माणूस चाकाखाली जातो.

किल्ली फिरवली की वीज सरळ सेल्फकडे जात नाही. बऱ्याच ट्रॅक्टरांत ती आधी एका छोट्या सेफ्टी स्विचमधून जाते. तो स्विच गिअरच्या किंवा क्लचच्या दांडीशी जोडलेला असतो. मॅसी फर्ग्युसनच्या जुन्या ३५ घराण्यातले ट्रॅक्टर घ्या. हाय-लो ची दांडी मधे न्यूट्रलला आणल्याशिवाय सेल्फ फिरू नये अशी त्यात सोय आहे. आता आपल्याकडचा पाऊस आणि चिखल. स्विच गंजतो, एखाद्या सकाळी दगा देतो, आणि घाईत फिटर दोन वायरी एकमेकींना पिळून 'डायरेक्ट' करून देतो. काम भागते. पुढच्या वर्षी किल्लीचा स्विच जातो, मग सोलेनॉइड. शेवटी उरतो पान्हा. मशीन गिअरमध्ये आहे का, हे विचारणारे त्या वाटेत कोणीच राहत नाही.

आता ट्रॅक्टर गिअरमध्ये का असेल, असे कोणी म्हणेल. अहो, आपणच तो तसा ठेवतो! जुन्या ट्रॅक्टरचा हँडब्रेक धरत नाही, जागा उताराची, म्हणून शहाणा माणूस इंजिन बंद केल्यावर गिअर टाकून उतरतो. सवय चांगलीच आहे. पण सकाळी दुसराच कोणी येऊन खालूनच पान्हा लावतो, आणि आदल्या संध्याकाळची चांगली सवय त्याच्या जिवावर उठते. जुन्या इंजिनाला पेट घ्यायला एक-दोन फेरे पुरतात. पेट घेतला की ट्रॅक्टर पुढे सरकतो, आणि पान्हा लावणारा उभा असतो मागच्या चाकाच्या नेमका पुढे. बाजूला व्हायला त्याला क्षणसुद्धा मिळत नाही. किल्ली बंद करूनही उपयोग नाही, कारण डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. जुने ट्रॅक्टर बंद होतात ते डिझेल तोडणारी दांडी ओढून, आणि ती असते वर, सीटजवळ.

हा धोका जगभर ओळखीचा आहे. म्हणूनच परदेशी कंपन्या सेल्फच्या बोल्टांवर झाकण बसवू लागल्या, आणि 'फक्त सीटवर बसून, न्यूट्रलमध्येच चालू करा' अशा पट्ट्या मशीनवर चिकटवू लागल्या. आपल्याकडे झाकण असले तरी पहिल्या दुरुस्तीत निघते ते परत बसत नाही.

आपल्या वाडवडिलांना इंजिन चालू करण्याची भीती होती, आणि ती योग्य होती. विहिरीवरचे किर्लोस्कर किंवा कूपरचे इंजिन हँडल मारून चालू करायचे. आधी वरची खटकी दाबून दाब मोकळा करायचा, चाकाला वेग द्यायचा, मग खटकी सोडायची. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण हँडल उलट फिरले तर अंगठा जायचा. हे प्रत्येक पोराला आधी शिकवले जाई. सेल्फ आला, बटण दाबले की काम होऊ लागले, आणि शिकवण्यासारखे काही उरले नाही असे सगळ्यांना वाटले. कांदिवलीच्या कारखान्यातून १९६५ पासून बी-२७५ बाहेर पडू लागला. त्या पिढीच्या मशीनचे लोखंड इतके दणकट की आजही ती कामावर दिसतात. वायरिंग मात्र लोखंडाइतके टिकत नाही.

सेल्फ फिरत नाही म्हटले की आपण लगेच बॅटरीला दोष देतो. नवी बॅटरी आणतो, महिनाभर बरे चालते, पुन्हा तेच. सेल्फ फिरताना दोनशे-तीनशे अँपिअर वीज ओढतो. एवढी वीज जायची तर प्रत्येक जोड स्वच्छ आणि घट्ट हवा. बॅटरीच्या बोंडांवर पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असते, ती गरम पाण्याने धुवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वरून थोडे ग्रीस लावा. अर्थिंगची पट्टी चासीला जिथे बसते तिथे रंग आणि गंज असतो. तो बोल्ट कोणीच खोलत नाही. निम्मे रोग तिथेच असतात. एक साधी परीक्षा सांगतो. हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट एकदम विझला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा जोड ढिला आहे. लाइट तसाच राहिला आणि सेल्फ फिरला नाही तर दोष स्विचमध्ये, सोलेनॉइडमध्ये किंवा सेल्फच्या कार्बनमध्ये. सेल्फ नुसताच घुर्र फिरतो आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स किंवा फ्लायव्हीलची रिंग पाहा. सेल्फ नीट फिरतो पण इंजिन घेत नाही, तर सेल्फला का मारता? टाकीत पाणी धरले असेल, डिझेलच्या वाटेत हवा असेल. फिल्टरची वाटी साफ करा, हवा काढा. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त एका दमात मारू नका आणि मधे अर्धा मिनिट जाऊ द्या, नाहीतर आर्मेचर जळून त्याचा खर्च नव्या बॅटरीवर जातो.

दुसरी पद्धत उताराची. नेरळ, कळंब, कशेळे, खांडस पट्ट्यात काय, नि चौक-वावोशीकडे काय, बॅटरी गेलेला ट्रॅक्टर उतारावर उभा करून चाकाखाली धोंडा ठेवायची रीत आहे. सकाळी धोंडा काढायचा, क्लच दाबून सोडायचा, वेग आला की क्लच सोडायचा. धोंडा काढायला बहुतेक वेळा घरातले पोरगे असते. धोंडा काढणारा चाकाच्या वाटेत असतो आणि वर बसलेल्याच्या हातात न धरणारे ब्रेक असतात, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

उताराचा विषय निघालाच आहे तर गिअरबॉक्सचेही बोलू. वर्षात चिखलणीचे दिवस ते किती? बाकीचे महिने हा ट्रॅक्टर ट्रॉली ओढतो. वीट, खडी, माती, पेंढा. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन पावणेदोन-दोन टन. एक वीट तीन किलोच्या आसपास धरली तरी हजार विटांचे तीन टन झाले, ट्रॉलीचे लोखंड वेगळे. म्हणजे उतारावर मालच मशीनला ढकलतो. अशा वेळी डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा ड्रायव्हर चार पैशांसाठी जीव टांगतो. मोटारीसारखा चालता चालता गिअर पुन्हा पडेल असे त्याला वाटते. जुन्या ट्रॅक्टरचे दाते एकमेकांत सरकून बसणारे असतात, चाल उभी राहिल्याशिवाय ते बसत नाहीत. एकदा न्यूट्रल झाला की खाली सपाटी येईपर्यंत तो न्यूट्रलच. क्लच दाबून धरला तरी गोष्ट तीच. जो चढ चढायला जो गिअर लागेल, तोच उतरताना उतार सुरू होण्याआधीच टाकावा आणि क्लचवरचा पाय काढावा. डाव्या-उजव्या ब्रेकची कडी रस्त्यावर अडकवलेली हवी, नाहीतर एकच चाक धरते आणि ट्रॉली आडवी येते.

चिखलणीचा मार वेगळाच. केजव्हील लावून गुडघाभर चिखलात दिवसभर फिरलेला ट्रॅक्टर एक्सलच्या सीलमधून पाणी आत घेतो. ऑइल चहासारखे दुधाळ दिसले की समजावे. रात्रभर मशीन उभे ठेवून सकाळी खालचा ड्रेन बोल्ट थोडासाच ढिला करा. पाणी जड, ते आधी बाहेर येते. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरचे आणि लिफ्टचे ऑइल एकच असते, त्यामुळे नांगर हळू उचलू लागला ही तक्रारही कधी कधी त्याच पाण्याची असते. लावणी आटोपली की ऑइल बदलायला पैसे नाहीत म्हणून आपण दिवाळीपर्यंत थांबतो, आणि तोवर बेअरिंग गंजलेले असते.

क्लचच्या घराला खाली एक छोटे भोक असते. खोल पाण्यात जाताना ते बुचाने बंद करण्याची सोय काही ट्रॅक्टरांत असते, पण बाहेर आल्यावर ते उघडलेच पाहिजे. ते चिखलाने बुजले की आत पाणी साचते आणि क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. आता हे सेल्फशी जोडून पाहा. चिकटलेला क्लच पायाने पूर्ण दाबला तरी सुटत नाही. 'क्लच दाबलाय की' म्हणून गिअरमध्येच सेल्फ मारणारा भिंतीवर जातो. म्हणून क्लच दाबा आणि न्यूट्रलही करा, दोन्ही. आणि पावसाळ्यानंतर मशीन उभे करायचे असेल तर क्लचचे पायडल दाबून त्याला लाकडाची ठोकळी लावून ठेवा, प्लेट चिकटत नाही.

ग्रामपंचायतीचे सरपंच, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक यांना एक सांगणे आहे. खरीपपूर्व सभांत बियाणे आणि खतांवर तास-तास बोलणे होते. कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या वाणांची माहिती द्यावी, जरूर द्यावी. पण गावातले सगळे ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर एका सकाळी शाळेच्या मैदानात बोलावून, एक फिटर आणि आयटीआयची डिझेल मेकॅनिक शिकणारी दोन मुले बसवली, तर प्रत्येक मशीन सीटवरून किल्लीने चालू होते की नाही हे दुपारपर्यंत कळेल. याला मंजुरी लागत नाही, निधी लागत नाही. फिटरची मजुरी आणि चहा, एवढाच खर्च.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून आहे. अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. पण ती आहे सातबारावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी. तासावर चालणाऱ्या ट्रॅक्टरवर बसतो कोण? पुष्कळदा वाडीवरचा ठाकर किंवा कातकरी तरुण, ज्याच्या नावावर गुंठाही नाही. मालक घरी असतो, पान्हा त्या पोराच्या हातात असतो. तो चाकाखाली गेला तर त्याच्या घरच्यांना त्या योजनेतून काही मिळत नाही. निदान अशा ड्रायव्हरचा अपघाती विमा मालकाने उतरवावा, आणि त्याने 'सेल्फ बिघडलाय' म्हणून सांगितले तर 'आजचा दिवस पान्ह्यावर काढ' असे म्हणू नये. त्या दिवसाचे भाडे बुडाले तर बुडू द्यावे.

मृगाला अजून काही दिवस आहेत. स्विच, वायर आणि दोन बोंडे बाजारात कुठेही मिळतात.